पाण्याला वाट करून देताना

इंग्लंडमधल्या साध्या घराच्या मागं थोडी हिरवळ असते, शेजाऱ्याच्या कुंपणालगत दोन-चार झाडं असतात आणि अगदी टोकाला एक लाकडी शेड असते. सहा फूट बाय चार, फार तर आठ बाय सहा. गवत कापायचं यंत्र, सायकली, कुदळ-फावडं, अर्धे उरलेले रंगाचे डबे यांची ती जागा. घर मराठी असेल तर त्यात गणपतीचं मखर, आकाशकंदील, विजेच्या माळांची खोकी आणि भारतात जाताना लागणाऱ्या मोठ्या बॅगा यांची भर पडते. घरात ठेवायला जागा नाही आणि टाकून द्यायला मन होत नाही, असं सगळं तिथं जातं.

या सगळ्याच्या डोक्यावर असतं ते फेल्ट. बोटभरही जाडी नसलेल्या फळ्या आणि त्यांच्यावर खिळ्यांनी ठोकलेला, डांबरात भिजवलेला, वरून बारीक खडी चिकटवलेला दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा. हिरवा, करडा किंवा विटकरी. एवढ्याशा आडोशावर ती शेड पंचवीस-तीस वर्षं उभी राहू शकते, आणि त्याकडं दुर्लक्ष झालं तर पाच-सहा हिवाळ्यांत कुजूही शकते. मधला फरक पैशाचा फारसा नसतो. तो असतो पाण्याची चाल ओळखण्याचा. छप्पर पाणी अडवण्यासाठी नसून पाणी वाहून नेण्यासाठी असतं, ही गोष्ट मोठ्या इमारतीत स्लॅब, गिलावा आणि खोट्या छताखाली झाकली जाते. शेडच्या छपरात ती उघडी दिसते. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहावं असं मला वाटलं.

गॅसच्या दिव्यांमागचं डांबर

फेल्टची गोष्ट दगडी कोळशापासून सुरू होते. १८१२ साली लंडनमध्ये गॅसपुरवठा करणाऱ्या कंपनीला सनद मिळाली आणि पुढच्या काही दशकांत ब्रिटनची शहरं कोळशाच्या गॅसवर उजळू लागली. बंद भट्टीत कोळसा तापवला की गॅस मिळे आणि मागं उरे काळं, चिकट, उग्र वासाचं डांबर. त्याचं करायचं काय हा गॅस कारखान्यांपुढचा प्रश्न होता. जहाजांच्या फटी डांबरानं बुजवायची रीत जुनीच होती. उत्तर युरोपात डांबर लावलेल्या कागदाची छपरं अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली होती. चिंध्या, लोकर, ताग यांचे तंतू दाबून केलेला पट्टा या डांबरात भिजवला की स्वस्त, हलकं आणि गुंडाळून नेता येणारं छप्पर तयार होई. स्लेटचा दगड किंवा भाजलेली कौलं पेलायला दणकट वासे लागत. याला पातळ फळ्या पुरत. गोठे, कोंबड्यांची खुराडी, बांधकामावरच्या तात्पुरत्या खोल्या अशा ठिकाणी ते सर्रास वापरलं जाऊ लागलं. पुढं कोळशाच्या डांबराची जागा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणाऱ्या बिटुमेननं घेतली आणि चिंध्यांची जागा काचतंतूंनी व पॉलिएस्टरनं.

शेडला ब्रिटिश जीवनात मोठी जागा मिळाली ती भाजीपाल्याच्या वाफ्यांमुळेही. १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर मागणी असेल तिथं लोकांना लागवडीसाठी भाड्यानं जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी टाकली. एक वाफा साधारण २५० चौरस मीटरचा. बहुतेक वाफ्यांवर अवजारांसाठी एक खोपटं उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारनं बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी लाखो घरांना अर्धगोल पन्हाळी पत्र्यांचे आसरे वाटले होते. युद्ध संपल्यावर अनेकांनी ते जमिनीतून उकरून काढले आणि बागेत शेड म्हणून पुन्हा उभे केले.

लेखकांनाही ही जागा मानवली. जॉर्ज बर्नार्ड शॉ हर्टफर्डशरमधल्या आपल्या बागेत एका लहानशा झोपडीत लिहीत असत. ती उन्हाच्या दिशेनं फिरवता येई. तिचं नाव त्यांनी 'लंडन' ठेवलं होतं, म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला 'ते लंडनला गेलेत' असं सांगता येई. रोआल्ड डाल यांनी ग्रेट मिसेंडन गावी बागेतल्या झोपडीत तीस वर्षांहून अधिक काळ मुलांसाठी पुस्तकं लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर ती झोपडी खिळखिळी होत गेली आणि २०१२ साली तिचा आतला भाग, खुर्ची आणि टेबलावरच्या वस्तूंसकट, गावातल्या संग्रहालयात हलवावा लागला. नामवंत लेखकाची असो की आपल्या मखराची, लाकडी खोलीला जो धोका असतो तो एकच: ओल.

कमी पावसाचं गळणं

मराठी माणसाला इथं पहिलं कोडं पडतं ते पावसाच्या हिशेबाचं. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर ही नेहमीची गोष्ट. मग एवढ्याशा पावसात छप्पर गळतं तरी कसं?

मिल्टन कीन्समधल्या एका मराठी कुटुंबाची शेड मी सप्टेंबरात पाहायला गेले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून मुलाकडं आलेले वडील हाच प्रश्न विचारत होते. "हा काय पाऊस? आमच्याकडं एवढ्या पावसात कोणी छत्रीसुद्धा उघडत नाही," ते म्हणाले. शेडमध्ये मात्र मखराच्या पुठ्ठ्याला बुरशी धरली होती आणि सायकलींच्या साखळ्या तांबेरल्या होत्या.

उत्तर पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या सवयीत आहे. कोकणात पाऊस चार महिने झोडपतो आणि मग आठ महिने ऊन सगळं कोरडं करतं. लंडनला वर्षातले शंभरावर दिवस थोडाथोडा पाऊस असतो, तोही बाराही महिन्यांत विखुरलेला. ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं आणि क्षीण असतं की उत्तरेकडचं पाखं आठवडेच्या आठवडे वाळत नाही. त्यावर शेवाळ धरतं. शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि फेल्टवरची खडी सुटी करतं. ही खडी शोभेची नसते. उन्हातले अतिनील किरण थेट बिटुमेनवर पडू नयेत म्हणून ती असते. खडी गेली की बिटुमेनमधला तेलकट अंश उडून जातो, ते ठिसूळ होतं आणि त्याला बारीक तडे जातात. हिवाळ्यात तड्यातलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि तडा रुंद करतं. खालची फळी ओलीनं फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्या हालचालीनं खिळे कणाकणानं वर येतात. वळचणीला सुटलेल्या कडेखाली वारा शिरतो आणि पट्टा उचलून फाडतो.

सगळ्यात कमजोर जागा म्हणजे आढं. दोन पाखी जिथं मिळतात तिथं फेल्ट दुमडलेलं असतं, आणि ताणलेल्या घडीवर तडा सगळ्यात आधी जातो.

पाणी शिरतं कुठून

मिल्टन कीन्सच्या त्या शेडमध्ये थेंब पडत होता पाख्याच्या साधारण मध्यावर. आधीच्या मालकानं बरोबर त्या जागेवर, बाहेरून, काळ्या लुकणाचा जाड लपका मारून ठेवला होता. गळती थांबली नव्हती, वाढली होती. मुलगा त्याच जागी आणखी एक डबा रिकामा करायच्या तयारीत होता.

"अरे, आधी आढं बघ. हे नंतर."

"बाबा, पण पाणी तर इथं पडतंय ना?"

"पडू दे की. शिरतंय कुठून ते बघायचं."

वडिलांची रीत कौलारू घराची होती. भर दुपारी अंधाऱ्या माजघरात उभं राहून वर पाहायचं. जिथून कवडसा येतो तिथलं कौल सरकलंय किंवा फुटलंय. आतूनच काठीनं कौल हळूच जागेवर ढकललं की तात्पुरतं काम होतं. ही रीत इथं चालेना. फेल्टखाली सलग फळ्या असतात, कवडसा यायला जागाच नसते. पाणी फेल्टच्या तड्यातून शिरतं, फेल्ट आणि फळी यांच्यामधून उतारानं सरकत राहतं आणि दोन फळ्यांचा सांधा सापडला की तिथून खाली टपकतं. म्हणून थेंबाची जागा आणि भोकाची जागा यांत हात-दोन हातांचं अंतर सहज पडतं, आणि भोक जवळजवळ नेहमी थेंबाच्या वरच्या अंगाला असतं.

शेजारचे निवृत्त सुतार मदतीला आले आणि त्यांनी इथली रीत दाखवली. एक जण आत बॅटरी घेऊन उभा, दुसरा बाहेर पाण्याची नळी घेऊन. पाणी सोडायला सुरुवात वळचणीपासून करायची. काही मिनिटं थांबायचं. आत काही आलं नाही तर हातभर वर सरकायचं. पाणी आधीच आढ्यावर सोडलं तर सगळं छप्पर एकदम भिजतं आणि कळत काहीच नाही. खालून वर जात असताना ज्या टप्प्यावर आत थेंब येतो, दोष त्याच टप्प्यात असतो. या शेडमध्ये वळचण कोरडी निघाली, मधला भाग कोरडा निघाला, आढ्यापाशी पाणी जाताच आतून हाक आली. घडीवर वीतभर लांबीचा तडा होता, शेवाळाखाली झाकलेला.

जुन्या मालकाच्या लपक्यानं काय केलं होतं तेही मग उलगडलं. आढ्यावरून येणारं पाणी खाली वाहून जायच्या ऐवजी त्या उंचवट्याच्या वरच्या बाजूला तुंबत होतं. पान, माती, शेवाळ तिथं साठत होतं, आणि थांबलेलं पाणी फेल्टला आणखी कुजवत होतं. वाहत्या पाण्याला बारीक भोकातून शिरायला फुरसत कमी मिळते. साचलेलं पाणी तिथंच बसून राहतं आणि कधी ना कधी आत येतं.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी. सगळीच ओल गळतीची नसते. थंड, निरभ्र रात्रीनंतर पाऊस नसतानाही छताच्या आतल्या बाजूला सगळीकडं सारखे थेंब लोंबताना दिसले, तर ती हवेतली वाफ असते. गार फळीला लागून तिचं पाणी झालेलं असतं. ओली सायकल किंवा ओलं गवत लागलेलं यंत्र आत ठेवून दार बंद केलं की हे होतंच. त्यावर उपाय फेल्ट नव्हे, वारा खेळता ठेवणं. समोरासमोरच्या भिंतींत, छपराच्या लगत, दोन झरोके ठेवले की पुरतात.

खालून वर

तडा एकच असेल आणि बाकी फेल्ट लवचीक असेल तर ठिगळ चालतं. शेवाळ ब्रशनं काढून जागा पूर्ण कोरडी करायची, थंड लावायचं बिटुमेनचं लुकण पसरायचं आणि तड्याच्या चारी बाजूंना किमान तीन-चार इंच पुढं जाईल एवढा नवा तुकडा दाबून बसवायचा. त्याचे कोपरे गोल कापले तर ते वाऱ्यानं उचलत नाहीत. जमत असेल तर ठिगळाची वरची कड जुन्या फेल्टच्या वरच्या पट्टीखाली सरकवायची, म्हणजे येणारं पाणी ठिगळावरून जातं, ठिगळामागं जात नाही.

बोटानं दाबताच फेल्ट मोडत असेल तर मात्र सगळं उतरवणं भाग आहे. जुन्यावर नवं चढवण्याचा मोह टाळावा. खालची फळी कुजली आहे की नाही हे मग दिसत नाही, आणि जुन्या उंचसखलपणाचे फुगे नव्या थरात उतरतात.

उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. छप्पर सन २००० च्या आधीचं, करड्या पन्हाळी सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटननं त्याच्या वापरावर १९९९ साली पूर्ण बंदी घातली, पण जुने पत्रे जागोजागी उभे आहेत. ते फोडायचे, घासायचे, छिद्रं पाडायचे नाहीत. जाणत्या माणसाला बोलवायचं. दुसरी गोष्ट वटवाघळांची. ती लाकूड आणि फेल्ट यांच्यामधल्या फटीत राहू शकतात, आणि ब्रिटनमध्ये त्यांना व त्यांच्या वस्तीच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे. अंगणातल्या छपरालाही तो कायदा लागू होतो, आणि ते योग्यच आहे.

मिल्टन कीन्सच्या शेडचं फेल्ट सगळंच उतरवायचं ठरलं. आधी कडेच्या पट्ट्या निघाल्या, मग फेल्ट, मग एकेक खिळा. विसरलेला एक खिळा नव्या फेल्टला खालून भोक पाडायला पुरेसा असतो. सुतारांनी पेचकसाचं टोक प्रत्येक फळीत खुपसून पाहिलं. या फळ्या म्हणजे लाकडाच्या ढलप्या चिकटवून केलेले तक्ते; ते कडेनं पाणी पितात आणि फुगतात. मधल्या सांध्याचा एक तक्ता भिजलेल्या पावासारखा मऊ झाला होता, तो बदलला. बाकीच्यांना लाकूडरक्षक द्रव लावून वाळू दिलं.

फेल्टचा पट्टा साधारण एक मीटर रुंद असतो, आणि आठ बाय सहाच्या शेडला १० मीटरचा एक रोल पुरतो. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जास्त धरून तीन पट्ट्या कापल्या आणि त्या उन्हात सपाट पसरून ठेवल्या. रोलमधलं वाक घेतलेलं फेल्ट तसंच ठोकलं तर पुढं त्याला सुरकुत्या पडतात. दिवसही असाच निवडायचा, कोरडा आणि ऊबदार. थंडीत फेल्ट वाकवताना तडकतं, कडक उन्हात मऊ होऊन त्याची खडी निघते.

मग पहिली पट्टी एका पाख्यावर, वळचणीबाहेर दोन इंच लोंबती. दुसरी दुसऱ्या पाख्यावर तशीच. तिसरी शेवटी, आढ्यावरून दोन्हीकडं उतरणारी, खालच्या पट्ट्यांवर किमान तीन इंच चढलेली आणि लुकणानं चिकटवलेली. वडील इतका वेळ बाजूला उभे होते, ते बघून म्हणाले, "म्हणजे आमचंच की. कौलंसुद्धा वळचणीपासून आढ्याकडंच चढवतात." खरंच आहे. छप्पर कशाचंही असो, वरचा थर खालच्यावर आला पाहिजे. क्रम उलटला तर प्रत्येक सांधा पाण्यासाठी उघडं तोंड होतो.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, रुंद चपट्या डोक्याचे आणि आखूड, अर्ध्या इंचाच्या आसपास. लांब खिळा फळीतून आरपार जातो आणि त्याच्या टोकावर थेंब धरतो. तिसऱ्या पट्टीच्या कडेनं दर दोन इंचांवर एक खिळा, वळचणीला दर चार इंचांवर. पाख्याच्या मध्यभागी एकही नाही, कारण तिथला प्रत्येक खिळा म्हणजे पाण्याच्या वाटेत आपणच पाडलेलं भोक. कोपऱ्यावर फेल्ट कापलं नाही. पाकिटाच्या घडीनं दुमडून खाली वळवलं आणि वरून लाकडी पट्टी मारली. छपरावर कोणी चढलं नाही. अशा शेडचे वासे माणसाच्या वजनासाठी नसतात; सगळं काम दोन्ही बाजूंच्या शिड्यांवरून झालं. जुनं फेल्ट जाळलं नाही, कारण त्याचा धूर विषारी असतो. ते नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर गेलं. आणि फेल्टचे सांधे गॅसच्या ज्योतीनं वितळवून जोडायची रीत काँक्रीटवर ठीक असली तरी सुक्या लाकडाच्या शेडवर ती आगीला आमंत्रण आहे, हे सुतारांनी मुलाला दोनदा बजावलं.

मुंबईच्या गच्चीवर

हेच डांबरी पट्टे मुंबईच्या माणसाला 'टारफेल्ट' म्हणून ठाऊक आहेत. पावसाळ्यापूर्वी सोसायटीच्या सभेत ज्या विषयावर सगळ्यात जास्त आवाज चढतो तो गच्चीच्या गळतीचा. बऱ्याचदा ठराव होतो तो आणखी एका थराचा. टारफेल्टवर टारफेल्ट, त्यावर रसायनाचा लेप, त्यावर पत्र्याचं छप्पर. वरच्या मजल्यावरचं छत ओलंच राहतं. थरांना दोष देण्याआधी पाऊस थांबल्यावर तासाभरानं गच्चीवर जाऊन पाहावं. पाणी साचून राहिलं असेल, पन्हळीच्या तोंडाशी पानं आणि कबुतरांची घाण अडकली असेल, तर कोणताही थर फार काळ टिकणार नाही.

मुंबईच्या जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. विटांचे तुकडे रचून, चुना किंवा सिमेंट घालून घोटलेला कोबा ते गच्चीवर घालत. त्याची जाडी एका कडेला जास्त, पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी कमी. मीटरभरात सेंटिमीटरभर उतार. कोब्याचं खरं काम होतं हा उतार देणं. काळ्या थरांच्या मोहात आपण तो उतार विसरत गेलो आणि खर्च वाढत गेला.

कोकणातली शाकारणीही याच समजुतीवर उभी होती. मृग लागायच्या आत, वैशाखात, कौलं उतरवायची, झाडून स्वच्छ करायची, फुटकी काढायची, कुजलेली रीप बदलायची आणि पुन्हा चढवायची. छप्पर गळायची वाट न पाहता दरवर्षी त्याच्याकडं जायचं. आता कौलं उतरून पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले, आणि छपराकडं वर्षातून एकदा जायची ही सवय मोडली. नुकसान कौलांपेक्षा या सवयीच्या जाण्यानं अधिक झालं, असं माझं मत आहे. नवं साहित्य कमी देखभालीचं असतं हे खरं, पण बिनदेखभालीचं काहीच नसतं.

परदेशातल्या मराठी घरांना ही सवय पुन्हा लावून घेणं सोपं आहे, कारण इथं शेड हाताच्या उंचीवर असते. एप्रिलमध्ये हिवाळ्यानं काय केलं ते बघायचं, आणि सप्टेंबरात, मखर आत ठेवतानाच, पुढच्या हिवाळ्याची तयारी करायची. पानं झाडायची, शेवाळ खरवडायचं, वर आलेला खिळा काढून नव्या जागी ठोकायचा, आढ्यावरून हात फिरवायचा, फांदी फेल्टला घासत असेल तर छाटायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ते वेळेवर झालं तर एका रोलवर निभावतं. टाळलं तर आधी तक्ते जातात, मग वासे आणि शेवटी शेडच. गच्ची असो, पडवी असो की परक्या देशातली आठ बाय सहाची लाकडी खोली, लुकणाचा डबा उघडण्याआधी पाण्याला जायला वाट आहे की नाही एवढं पाहावं. वाट असेल तर बाकीची दुरुस्ती कोणालाही शिकता येते, आणि शिकावी.